गोठलेला निरोप

पतसंस्थेत ११ वाजून ४० मिनिटांनी हप्ता भरलेल्या सभासदाला पावतीचा एसएमएस गेला ११ वाजून ४८ मिनिटांनी. म्हणजे दुसऱ्या कुणी हप्ता भरला, नेमका त्याच क्षणी. नोंदींच्या वेळा शेजारीशेजारी मांडल्या, तेव्हा कुठे हे माझ्या ध्यानात आलं. निरोप पाठवणारं फंक्शन मीच लिहिलं होतं आणि त्यात एकच शब्द लिहायचा राहिला होता: ‘अवेट’.

ते फंक्शन ॲमेझॉनच्या लॅम्डा या ‘सर्व्हरलेस’ सेवेवर चालतं. ॲमेझॉनने ती नोव्हेंबर २०१४ मध्ये जाहीर केली, तेव्हा ती फक्त नोड जेएसवर चाले. सर्व्हर असतोच, पण तो सांभाळायची कटकट आपल्यामागे नसते. काम आलं की एक छोटी बंदिस्त जागा उघडते, फंक्शन चालतं, आणि त्याने उत्तर परत केलं की ती जागा आहे त्या स्थितीत गोठवली जाते. गोम इथेच आहे. बाहेरच्या एपीआयला हाक मारणारं ‘फेच’ उत्तर घेऊन येत नाही. ते लगेच हातावर एक ‘प्रॉमिस’, म्हणजे उत्तर नंतर देण्याचं वचन, ठेवतं. अवेट नसेल तर फंक्शन पुढे जातं, ‘झालं’ म्हणतं, आणि विनंती अर्ध्या वाटेत गोठते. पुढचं काम त्याच जागेत आलं तर ती वितळून निघते. नाही आलं, तर कायमची हरवते. माझ्या लॅपटॉपवर हे कधीच दिसलं नसतं, कारण तिथे नोड चालूच राहतो.

अवेट लिहिलं की मग वाट किती पाहायची, हा प्रश्न येतो. नोडमध्ये फेच २०२२ च्या अठराव्या आवृत्तीपासून आपसूक मिळतं. जोडणी झाल्यावर समोरून काहीच आलं नाही तर ते डीफॉल्टने ५ मिनिटं थांबतं. लॅम्डाची डीफॉल्ट मुदत मात्र ३ सेकंद. ती १५ मिनिटांपर्यंत वाढवता येते, पण थांबलेल्या प्रत्येक मिलिसेकंदाचं बिल लागतं. म्हणून ‘ॲबॉर्टसिग्नल’ने स्वतःची मुदत घालावी, फंक्शनच्या मुदतीपेक्षा थोडी कमी. म्हणजे मधेच गळा आवळला जाण्याऐवजी चूक नोंदवायला वेळ उरतो.

मुदत संपण्याचं कारण कधी नेटवर्कही असतं. डेटाबेससाठी फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये नेलं, की नॅट गेटवेसारखी वेगळी सोय केल्याशिवाय त्याला इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी बहुधा कुठलीही चूक उमटत नाही. नुसती शांतता, आणि मुदत संपते.

आणखी एक: समोरून ४०४ किंवा ५०० आलं तरी फेचच्या लेखी तो प्रवास यशस्वीच असतो. ‘रिस्पॉन्स डॉट ओके’ आपणच पाहायचं.

खरी भीती मला दुबार विनंतीची वाटते. असिंक्रोनस पद्धतीने बोलावलेलं फंक्शन फसलं, तर लॅम्डा ते आपणहून आणखी दोनदा चालवते. विनंती पोचली, उत्तर यायच्या आत मुदत संपली, तर एकाच हप्त्याच्या तीन पावत्या जाऊ शकतात. पावतीऐवजी खात्यातून पैसे वळते करायचे असते तर? प्रत्येक व्यवहाराला एक ठरावीक ओळखक्रमांक द्यायचा आणि पुन्हा पाठवतानाही तोच ठेवायचा. तो ओळखणारा एपीआय दुसऱ्यांदा पैसे वळते करत नाही.

तुमचं फंक्शन लोकांच्या पैशाला हात लावत असेल, तर त्यातलं प्रत्येक फेच आज उघडून बघा.