एकट्याला ‘यू आर’ का?

कामरगावातील शाळकरी मुलाला एक कोडे पडते: माणूस एकटा, मग त्याला ‘यू इज’ न म्हणता ‘यू आर’ का म्हणावे? नियम घोकून शंका फिटत नाही. ती फिटते शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये. तिसऱ्या अंकात रागावलेली राणी मुलाला ‘दाऊ’ म्हणते, म्हणजे ‘तू’. मुलगा तुटकपणे ‘यू’ म्हणतो, म्हणजे ‘तुम्ही’. लगेच आईही ‘यू’वर येते. एका सर्वनामाने मायलेकांत अंतर पडते! पुढे ‘दाऊ’ बोलण्यातून मागे पडले, अनेकवचनी ‘यू’ सर्वांना लागू झाले आणि ‘आर’ त्याच्याबरोबर आले. रागाच्या भरात ‘अहो-जाहो’वर येणाऱ्या आम्हां मराठी माणसांस हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

वाक्प्रचारांचेही तसेच. ‘माइंड्स आय’ त्याच नाटकात भेटतो. ‘मनश्चक्षू’ ठाऊक असणाऱ्यास तो परका वाटत नाही. आपल्या शेजारच्या अकोल्यास शिकलेल्या गोपाळ गणेश आगरकरांनी १८८३ साली हे नाटक ‘विकारविलसित’ या नावाने मराठीत आणले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून रोज एक पान वाचावे. अर्जात मात्र ‘दाऊ’ लिहू नये! मराठी ज्याच्या गाठीशी आहे त्याने इंग्रजीला भिऊ नये, असे आम्हांस वाटते.