बोटीवरील द्यूतगृह आणि धूम्रपान

समुद्रावरची हवा आरोग्यास हितकर असते, ही समजूत फार जुनी आहे. दीर्घ आजारातून उठलेल्या माणसास हवापालटासाठी समुद्रकाठी जाण्याचा सल्ला डॉक्टर देत असत, आणि ज्याची ऐपत असे तो आगबोटीने चार दिवसांचा प्रवासही करून येई. आज केवळ विहारासाठी समुद्रावर हिंडणाऱ्या ज्या प्रचंड बोटी असतात, त्यांस क्रूझ-बोटी म्हणतात. त्यांतील मोठ्या बोटी म्हणजे तरंगती नगरेच होत. त्यांवर भोजनगृहे असतात, नाट्यगृह असते, पोहण्याचे हौद असतात, आणि बहुतेकींवर एक कॅसिनो, म्हणजे द्यूतगृहही असते. शुद्ध हवेसाठी पैसे मोजून आलेला उतारू भोजन आटोपून नाट्यगृहाकडे निघतो, तेव्हा कित्येक बोटींवर त्याची वाट नेमकी ह्या द्यूतगृहातून जाते, आणि समुद्राच्या वाऱ्याऐवजी सिगारेटचा धूर त्याच्या नाकात शिरतो.

ह्या द्यूतगृहात धूम्रपानास मुभा असावी किंवा नसावी, असा वाद पुष्कळ वर्षे चालू आहे. वरवर पाहता हा सुखवस्तू लोकांच्या चैनीतला तंटा वाटतो. परंतु अशा बोटींवर पोटासाठी गेलेली गोमंतकातील व कोकणातील माणसे थोडीथोडकी नाहीत. गोव्यात त्यांस ‘तारवटी’ म्हणतात. त्या दृष्टीने पाहिले म्हणजे हा प्रश्न आपल्या घराच्या उंबरठ्याशी येऊन उभा राहतो.

बोट आणि तंबाखू यांचे नाते प्रथमपासूनच संशयाचे होते. लाकडी तक्ते, डांबर, दोर आणि शिडे यांनी भरलेल्या जुन्या गलबतावर एक ठिणगीही घातक ठरे. म्हणून डेकाखाली चिलीम ओढण्यास सक्त मनाई असे. पुढे लोखंडी आगबोटी आल्या, त्यांवर दिवाणखाने आले, आणि धूम्रपानासाठी स्वतंत्र दालन राखण्याची चाल पडली. १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ बोटीवर पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी असे एक शोभिवंत दालन होते, आणि पत्त्यांचे डाव तेथेच रंगत. त्या काळी जुगार हा धुराच्या खोलीत जाऊन बसत असे. आता धूर जुगाराच्या खोलीत येऊन बसला आहे. हा फेरबदल लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. धूम्रपानाच्या दालनात ज्याला ती हौस असे तोच जाई. द्यूतगृहात मात्र खेळणारा, पाहणारा, वाटसरू आणि नोकर असे सर्वच येतात.

सध्याची वहिवाट एकसारखी नाही. सेलेब्रिटी कंपनीच्या बोटींवर द्यूतगृह संपूर्णपणे धूम्रमुक्त आहे. कार्निव्हल कंपनीच्या बोटींवर द्यूतगृहाच्या ठरावीक भागात सिगारेट ओढण्यास मुभा आहे. अशी तफावत का पडते, याचे एक कारण समुद्राच्या कायद्यात आहे. बोट भर समुद्रात असताना तिच्यावर मुख्यतः जिचे निशाण ती लावते, त्या देशाचा कायदा चालतो. कित्येक क्रूझ-बोटींचे मालक अमेरिकेत असले, तरी निशाण बहामा, पनामा किंवा बर्म्युडा यांचे असते. त्यामुळे जमिनीवर जो कारखानदारास चटकन लागू पडतो, तो नियम बोटीवर अनेकदा मालकाच्या मर्जीवर राहतो.

आता धुराचाच विचार करू. पेटलेल्या सिगारेटचा धूर दोन वाटांनी निघतो. एक ओढणाऱ्याच्या छातीतून बाहेर येतो. दुसरा जळत्या टोकावरून थेट हवेत मिसळतो. खोलीत साचणाऱ्या धुराचा मोठा भाग ह्या दुसऱ्या प्रकारचा असतो. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रासायनिक द्रव्ये असतात, आणि त्यांपैकी सुमारे सत्तर कर्करोगास कारण होऊ शकतात. जपानातील हिरायामा यांनी १९८१ साली दाखवून दिले की, जे नवरे फार सिगारेटी ओढतात त्यांच्या स्वतः न ओढणाऱ्या बायकांसही फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो. दुसऱ्याच्या धुराने होणारी ही हानी आता जागतिक आरोग्य संघटनेपासून सर्वांनी मान्य केली आहे.

यावर सांगण्यात येते की, बोटीवर वायुवीजनाची उत्तम यंत्रे असतात. एका बाजूस ओढणारे व दुसऱ्या बाजूस न ओढणारे बसविले म्हणजे झाले. हे म्हणणे पोहण्याच्या हौदाचा एक कोपरा घाण करण्यास मोकळा ठेवून उरलेले पाणी स्वच्छ राहील असे मानण्यासारखे आहे. धुराचे कण अतिशय सूक्ष्म असतात. हवा जिकडे वाहते तिकडे ते जातात, आणि अर्ध्या भिंतीला किंवा फलकाला जुमानीत नाहीत. त्यातून बोटीवरील द्यूतगृहाची छते बेताच्या उंचीची. खिडक्या बहुधा नसतातच. आणि अनेक बोटींवर ते मधल्या उंच चौकाला जोडलेले असते, म्हणून धूर वरच्या मजल्यांवरही चढतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलने २००६ च्या अहवालात स्पष्ट सांगितले की, अशा धुराचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही, आणि बसण्याच्या जागा वेगळ्या करून, हवा गाळून किंवा पंखे लावून तो पूर्णपणे नाहीसा करता येत नाही. वायुवीजनाच्या इंजिनिअरांची अमेरिकेतील जी मोठी संस्था आहे, तिचेही मत हेच आहे. ज्यांचा धंदाच हवा खेळती ठेवण्याचा, त्यांनीच आपल्या यंत्रांची मर्यादा कबूल केली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डेलावेअर संस्थानात २००२ साली बंदी आली. तेव्हा एका द्यूतगृहाची व काही मद्यगृहांची हवा बंदीपूर्वी व बंदीनंतर मोजण्यात आली, आणि बंदीपूर्वीच्या हवेतील सूक्ष्म कणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक कण तंबाखूच्या धुराचे होते असे आढळले.

उताऱ्याला धुराचा त्रास झाला तर तो दुसरीकडे जाऊन बसतो. पत्ते वाटणाऱ्या डीलरला तसे जाता येत नाही. त्याचे मेज हीच त्याची जागा. ओढणारा दोन हातांवर बसलेला. आणि खेळ चालू असेतो त्याने तोंड फिरविणेही शिष्टाचारास सोडून. अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेने २००९ साली लास व्हेगास येथील, स्वतः धूम्रपान न करणाऱ्या डीलरांची तपासणी प्रसिद्ध केली. आठ तासांच्या पाळीअखेर त्यांच्या लघवीत तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्याचा अंश वाढलेला सापडला. हे लोक पाळी संपल्यावर निदान घरी तरी जातात. बोटीवरच्या नोकराचे घर तीच बोट. त्याचा करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार २००६ साली झाला, २०१३ पासून अंमलात आला आणि २०१५ मध्ये भारतानेही मान्य केला. त्यान्वये खलाशास चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. याचा अर्थ उरलेल्या चौदा तासांपर्यंत काम घेता येते. असे आठवडेच्या आठवडे जातात. नोकरी सोडावी तर घरी पाठवावयाचा पैसा थांबतो. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते.

मालकांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. द्यूतगृह हे बोटीच्या उत्पन्नाचे एक मोठे साधन आहे. ओढणारा माणूस सिगारेटसाठी मेजावरून उठला की त्याची तंद्री मोडते, आणि तो परत येईलच असे नाही. १९९८ साली ‘पॅराडाइज’ नावाची बोट संपूर्ण धूम्रमुक्त म्हणून समुद्रात उतरविण्यात आली. नियम इतका कडक होता की, तो मोडणाऱ्यास दंड करून पुढील बंदरात उतरवीत असत. तरीही २००४ मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. अशा बोटीवर येणारे उतारू मद्य व जुगार यांवर कमी खर्च करतात, असे कारण सांगण्यात आले. हा दाखला खरा आहे आणि तो लपविण्याचे कारण नाही. परंतु तेथे एकाच बोटीवर, कोपऱ्याकोपऱ्यात मनाई होती, आणि शेजारच्या सर्व बोटी मोकळ्या होत्या. नियम सर्वांस सारखा असेल तर गिऱ्हाईक जाणार कोठे? जुगाराच्या उत्पन्नासाठी जगप्रसिद्ध असलेल्या मकाव शहरात १ जानेवारी २०१९ पासून द्यूतगृहातील मेजांपाशी धूम्रपान बंद आहे. ओढणाऱ्यास वेगळ्या बंदिस्त खोलीत जावे लागते. त्यामुळे मकावची द्यूतगृहे ओस पडली नाहीत.

बंदीचा लाभ किती, याचा एक बोलका पुरावा कोलोरॅडो संस्थानात मिळाला. तेथे २००६ साली सार्वजनिक जागी धूम्रपान बंद झाले, पण द्यूतगृहांस सवलत राहिली. ती २००८ मध्ये काढून घेतली. ज्या परगण्यात द्यूतगृहे पुष्कळ आहेत, तेथील रुग्णवाहिकांच्या नोंदी तपासून २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००६ नंतर इतर ठिकाणांहून येणारी बोलावणी सुमारे २३ टक्क्यांनी घटली, द्यूतगृहांतील मात्र घटली नाहीत. २००८ नंतर तीही सुमारे १९ टक्क्यांनी उतरली. सवलत होती तोवर आजार होता. सवलत गेली आणि आजार ओसरला.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. सर्वत्र मनाई केली तर लोक चोरून ओढतील, आणि समुद्रावर चोरटी सिगारेट उघड सिगारेटपेक्षा वाईट. २३ मार्च २००६ रोजी जमैकाकडे निघालेल्या ‘स्टार प्रिन्सेस’ बोटीवर आग लागून कित्येक खोल्या जळाल्या आणि धुराने एका उतारूचा मृत्यू झाला. सज्जात पडलेले सिगारेटचे थोटूक हेच तिचे संभाव्य कारण, असे चौकशीत ठरले. तेव्हा ओढणाऱ्यास कोठे तरी जागा दिलीच पाहिजे. प्रश्न एवढाच की, ती जागा द्यूतगृह असावी काय?

याचे उत्तर शोधण्यास भारतीयांनी दूर जाण्याची गरज नाही. २ ऑक्टोबर २००८ पासून भारतात सार्वजनिक जागी धूम्रपानास बंदी आहे. मोठी हॉटेले, उपाहारगृहे व विमानतळ यांस धूम्रपानाची खोली ठेवण्याची सवलत आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. चारही बाजूंस पूर्ण उंचीच्या भिंती हव्यात. दार आपोआप मिटणारे हवे. आतली हवा थेट बाहेर सोडली पाहिजे. आणि खोलीतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडले तरी हवा आत येईल, धूर बाहेर पडणार नाही. सर्वांत महत्त्वाची अट ही की, त्या खोलीत दुसरी कोणतीही सेवा पुरविता येत नाही. ह्या एका वाक्यात साऱ्या वादाचा निकाल आहे. जेथे धूर आहे तेथे नोकरास उभे करावयाचे नाही. पणजीच्या मांडवी नदीत नांगरलेल्या द्यूतनौका भारताच्याच पाण्यात आहेत. त्यांच्या नोकरांस ह्या तत्त्वाचा आधार आहे. परक्या निशाणाखाली दूरच्या समुद्रात पत्ते वाटणाऱ्या त्यांच्याच गाववाल्यास तो नाही.

म्हणून न्याय्य व्यवस्था अशी दिसते: द्यूतगृह संपूर्ण धूम्रमुक्त असावे, ओढणाऱ्यासाठी उघड्या डेकावर, पावसापासून आडोसा असलेली आणि थोटके विझविण्यास वाळूची पात्रे ठेवलेली जागा राखावी, ते शक्य नसेल तेथे वर सांगितलेल्या अटींची बंद खोली असावी, आणि तीत ना मेज असावे ना चाकर. ओढणाऱ्याची हौस त्यामुळे बुडत नाही. त्यास चार पावले चालावे लागते, इतकेच. आणि तोवर, बोटीवर जाणाऱ्या तरुणाने करारावर सही करण्यापूर्वी पगार, रजा व परतीचे भाडे यांची चौकशी करावी, त्याबरोबरच आपण ज्या दालनात उभे राहणार तेथे सिगारेट चालते काय, हेही अवश्य विचारून घ्यावे.