एका प्रभागात किती उंबरे?

मतदार यादी वाचायला बसलं की पहिल्या दोन रात्री नुसती आडनावं दिसतात. तिसऱ्या रात्रीपासून घरं दिसू लागतात.

2017 साली पुणे महापालिकेच्या निवडणुकीत मी स्लिपा वाटायचं काम केलं. 162 जागा, 41 प्रभाग. बहुतेक प्रभागांतून चार-चार नगरसेवक, म्हणून मतदाराला चार मतं द्यायची. आमच्यात एक मुलगा होता. कुठला जिना अंधारा, कुठल्या दारी दुपारी बेल वाजवायची नाही, सगळं त्याला पाठ. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी स्लिप हातात घ्यायच्या आधी त्याला पाणी विचारायच्या. आपण समलिंगी आहोत, हे त्यानं आम्हा चौघांना स्वतःहून सांगितलं होतं. एका रात्री यादीवर लाल पेनानं खुणा करताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी मी उभा राहिलो तर?"

आमच्यातले ज्येष्ठ कार्यकर्ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या एकट्याची सीट असती तर बघितलं असतं रे. चौघांच्या पॅनेलला फटका बसेल."

त्यांच्या मनात द्वेष नव्हता, हिशेब होता. म्हणूनच ते वाक्य मला जास्त लागलं.

हार्वे मिल्क या उघडपणे समलिंगी असलेल्या अमेरिकन नेत्याची गोष्ट मला त्यानंतर उमगली. सॅन फ्रान्सिस्कोत 1973 साली तो पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा तिथले नगरसेवक सगळ्या शहराच्या मतांवर निवडून येत. कॅस्ट्रो स्ट्रीटवरचं त्याचं कॅमेऱ्याचं दुकान हेच प्रचार कार्यालय. 32 उमेदवारांत तो दहावा आला. 1975 मध्ये त्यानं लांब केस कापले, सूट घातला. जागा सहा आणि तो सातवा. त्याच्या भागातले लोक त्याला मत देत होते, पण शहराच्या बेरजेत ती मतं बुडत. 1976 मध्ये मतदारांनी वॉर्डनिहाय निवडणुकीचा कौल दिला आणि 1977 मध्ये पाचव्या वॉर्डातून मिल्क निवडून आला.

मिळालेले अकरा महिने त्यानं नगरसेवकाचीच कामं केली. समलिंगी लोकांना नोकरीत आणि घर भाड्यानं घेताना संरक्षण देणारा नियम आणला. कुत्र्याची घाण मालकानं उचलावी, हाही आणला. 27 नोव्हेंबर 1978 रोजी एका माजी सहकाऱ्यानं त्याला आणि महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना गोळ्या घालून मारलं.

लहान वॉर्डातून अशी निवड आपल्याकडेही झालेली आहे. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील या तृतीयपंथी उमेदवाराचा महिलांच्या जागेवरचा अर्ज छाननीत बाद झाला. त्या उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, परवानगी मिळवली आणि जानेवारी 2021 मध्ये ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. गावातल्या वॉर्डात उमेदवार रोज नळावर, दुकानात भेटतो. मतदाराला बातमीतला माणूस नाही, ओळखीचा माणूस निवडायचा असतो. चार मतांच्या प्रभागात मात्र ओळखीच्या माणसावरही आणखी तिघांचं ओझं असतं.

तो मुलगा अजून आमच्याच गल्लीत राहतो. यादीची नवी प्रत आली की रात्री फोन करतो. मागच्या खेपेला म्हणाला, "आजींचं नाव वगळलंय. त्या आहेत की! उद्या फॉर्म घेऊन जातो."