घरासाठी विजेचे ड्रिल

सांताक्रूझमधील जुन्या घरांच्या विटांच्या भिंती आणि नव्या इमारतींचे काँक्रीटचे खांब यांची प्रकृती सर्वस्वी भिन्न असल्याने, नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारबाजारात जाण्यापूर्वी आपल्या भिंतीची शहानिशा करणे अगत्याचे आहे. 500 ते 650 वॅटचे, 13 मिलिमीटर चकचे, वेग कमीजास्त करता येणारे, हॅमरची सोय असलेले वायरचे यंत्र विटांना पुरते; लाकूड व लोखंड यांवर मात्र हॅमर बंदच ठेवावा. काँक्रीटशी वारंवार प्रसंग येणाऱ्याने रोटरी हॅमर घ्यावा, कारण त्यातील दट्ट्या हवेच्या दाबाने स्वतःच आघात करतो, हाताच्या जोरावर विसंबत नाही. क्वचितच तसबीर टांगणाऱ्याने बॅटरीच्या यंत्राचा मोह धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दीर्घकाळ पडून राहिलेली बॅटरी क्षीण होते. यंत्र कोणतेही असो, स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये. तेथून बहुधा विजेच्या तारा गेलेल्या असतात.