दारी आलेले कुत्रे कोणाचे?

पावसाळ्यातील एखाद्या संध्याकाळी एक कुत्रे जिन्याखाली येऊन बसते. अंग भिजलेले, बरगड्या दिसणाऱ्या, मानेवर मात्र पट्ट्याचा वण. घरातील मुले त्याला पोळी घालतात, तिसऱ्या दिवशी नाव ठेवतात आणि आठवड्याभरात ते त्या घरचे होऊन जाते. यात वावगे ते काय, असे कोणीही विचारील. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा जेथे घरोघरी सांगितली जाते, तेथे भूतदयेचे समर्थन करावयास नकोच. परंतु या दयेपाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो : हे कुत्रे बेवारस आहे, हे ठरविले कोणी?

कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत चोरीची व्याख्या विशद करताना कुत्र्याचेच एक उदाहरण दिले होते. खिशात आमिष ठेवून दुसऱ्याचे कुत्रे लबाडीच्या हेतूने नेऊ पाहिले, तर ते मागोमाग चालू लागताच चोरी घडते. २०२४ साली भारतीय न्याय संहिता अमलात आली, तीतही हे उदाहरण कायम आहे. कणव येऊन पोळी घालणारा गृहस्थ अर्थातच चोर नव्हे. तथापि सापडलेली वस्तू मालकास परत देण्यासाठी सांभाळणे निराळे आणि मालकाचा वाजवी शोध न घेताच ती आपली म्हणून ठेवणे निराळे, हा भेदही कायद्याने केलेला आहे. सांभाळणाऱ्यावर अन्यायही होत नाही. १८७२ च्या करार कायद्यानुसार जतनाचा व शोधाचा खर्च मिळेपर्यंत त्याला वस्तू स्वतःकडे ठेवता येते.

हा शोध अवघड नाही. दूधवाला, पेपरवाला, रखवालदार यांना आळीतील प्रत्येक कुत्रे ठाऊक असते. दुकानाच्या फळीवर चिठ्ठी लावता येते. पशुवैद्याकडे तर जावेच लागते, कारण रेबीजच्या लशीची खात्री नसलेले जनावर मुलांच्या हाती देणे हा अविचार होय. कानाला खाच असेल, तर ते नसबंदी झालेले गल्लीचे कुत्रे असण्याचा संभव मोठा. त्याला एक मालक नसला, तरी त्याची वाट पाहणारी चार घरे असू शकतात.

खरा पेच पडतो तो मालक सापडल्यावर. तो कुत्र्याला उपाशी ठेवीत असेल, तर परत कसे द्यावे? पुरेसे अन्नपाणी न देणे आणि जनावर टाकून देणे, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हे मानले आहेत. तेव्हा मार्ग आहे तो उघड तक्रारीचा. गुपचूप लपविण्याचा नव्हे. शिवाय प्रत्येक हडकुळे कुत्रे छळलेलेच असते असे नाही. ते म्हातारे किंवा आजारी असेल. फटाक्यांना भिऊन पळालेले असेल. त्याचा धनी रुग्णालयात खिळलेला असेल.

दोन आळ्या पलीकडे एखादे पोर रोज संध्याकाळी दारात उभे राहून त्याला हाका मारीत असेल. आपल्या मुलांना नवा सोबती देताना त्या पोराचा सोबती तर आपण नेत नाही ना, एवढी चौकशी करणे हा दयेचाच भाग आहे. चौकशीअंती कोणी आले नाही, तर त्या कुत्र्याला खुशाल घरात घ्यावे. मग मात्र ते अखेरपर्यंत सांभाळावे.