विंड टनेल रोडवरची उणे १६६ अंशांची हवा

बंगळुरूच्या मुरुगेशपाळ्यात एका रस्त्याचं नावच विंड टनेल रोड आहे. नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजचा १.२ मीटरचा विंड टनेल या भागात १९६७ पासून चालू आहे. ध्वनीच्या एक पंचमांश वेगापासून चौपट वेगापर्यंतचा वारा त्यात निर्माण करता येतो. आपल्या उपग्रह प्रक्षेपकांच्या आणि तेजस विमानाच्या प्रतिकृती याच वाऱ्याला तोंड देऊन पुढे गेल्या.

यंत्राची रीत सरळ आहे. कॉम्प्रेसर मोठमोठ्या टाक्यांत हवा दाबून भरतात, व्हॉल्व्ह उघडतो आणि थोड्याच सेकंदांत चाचणी उरकते. पण हवेच्या तापमानाचा माग काढला, तर तेवढ्यात बरंच काही घडलेलं दिसतं.

टाकीत मागे राहिलेली हवा पुढच्या हवेला बाहेर ढकलते. या कामात तिची ऊर्जा खर्च होते आणि ती थंडावते. व्हॉल्व्हमधून जाताना दाब एकदम उतरतो, तापमान मात्र जवळपास तेवढंच राहतं, कारण तिथे हवा कसलंही काम करत नाही आणि फारसा वेगही कमावत नाही. खरी थंडी नॉझलमध्ये पडते. तिथे बाहेरून उष्णता आत यायला किंवा आतली बाहेर जायला वेळच नसतो. यालाच ॲडियाबॅटिक प्रसरण म्हणतात. वेग वाढतो तो हवेच्या स्वतःच्या उष्णतेच्या बळावर. २७ अंश सेल्सिअसची हवा माख २ ला, म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगाला, उणे १०६, माख ३ ला उणे १६६ आणि माख ४ ला उणे २०२ अंशांवर जाते. थंड हवेत ध्वनीचा वेगही घटतो, म्हणून इथला माख ३ चा वारा सेकंदाला साधारण ६२० मीटरच धावतो.

एवढ्या थंडीत हवेतली वाफ गोठून प्रवाह बिघडवते. १९३५ साली रोमच्या एका परिषदेत जर्मन शास्त्रज्ञ लुडविग प्रांटल यांनी दाखवलेल्या छायाचित्रात नॉझलमध्ये फुलीसारखे आघात-तरंग उमटले होते. त्यामागे हवेतला हाच ओलावा असल्याचं पुढे कळलं. या प्रांटल यांच्याच हाताखाली गटिंगेनला डॉक्टरेट केलेले विष्णू माधव घाटगे पुढे बंगळुरूला आले. भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी वैमानिकी शिकवली आणि हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये १९५१ साली उडालेलं एचटी-२ विमान घडवलं. ओलाव्याचा धडा आता यंत्राच्या रचनेतच मुरला आहे. अशा विंड टनेलमध्ये हवा आधी कोरडी करूनच भरतात. माख ५ च्या आसपास तर हवाच द्रवरूप होऊ लागते, म्हणून त्यापुढे ती तापवून सोडावी लागते.

प्रतिकृतीच्या नाकावर मात्र हीच हवा थबकते, वेगाची पुन्हा उष्णता होते आणि तापमान २७ अंशांवर परत येतं. खऱ्या उड्डाणात माख ३ ला हेच नाक तीनशे अंशांच्या पुढे तापतं. तो ताप या यंत्रात अनुभवता येत नाही, त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

'वायू पसरला की थंड होतो' हे शाळेत पाठ केलेलं वाक्य त्यामुळे अर्धवटच आहे. आदर्श वायू निर्वातात नुसता पसरला तर त्याचं तापमान बदलत नाही. बाहेरून उष्णता न घेता त्याने काम केलं किंवा वेग घेतला, तरच तो थंडावतो.