साप दूध पितो का?

नागपंचमीला लोक वारुळात दूध ओततात. नाग येऊन दूध पितो असे मोठी माणसेसुद्धा सांगतात. पण दूध हे सापाचे खाणे नाही. तो उंदीर, बेडूक, सरडे खातो आणि तहान लागली की पाणी पितो. मग गारुड्याचा नाग दूध कसा प्यायचा? गारुडी त्याला कितीतरी दिवस पाणीच देत नसत. मग बिचारा पुढे येईल ते पिणार! १९७२ च्या कायद्यामुळे आता नाग पाळायला बंदी आहे.

धामणीवर तर फारच मोठा आळ आहे. ती म्हणे गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते. सापाचे दात सुईसारखे आणि आत वळलेले असतात. तिने सड धरला तर गाय लाथ मारणार नाही का? शिवाय वासरासारखे ओठ नाहीत, मग चोखणार कशाने? धामण गोठ्यात येते ती उंदरांसाठी. तिला विष नाही. ती मारली की उंदरांचे फावते.

साप डूख धरतो हेही खोटे आहे. माणसाचे तोंड लक्षात ठेवण्याएवढी त्याची बुद्धी नसते. मांडुळाला दोन तोंडे नसतात, एक शेपूटच आहे, फक्त बोथट.

आता सर्वात मोठी खोटी समजूत. मंत्राने विष उतरते! आपल्या देशात सापांच्या तीनशेच्या आसपास जाती आहेत. त्यांतल्या पुष्कळशा बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांमुळे जास्त माणसे मरतात. बिनविषारी साप चावला तर माणूस आपोआपच बरा होतो, आणि नाव होते मांत्रिकाचे. विषारी चावला आणि माणूस दगावला, तर उशीर झाला म्हणतात. म्हणजे मांत्रिक कधी हरतच नाही.

कडुलिंबाचा पाला खायला देऊन तो कडू लागतो का, हे विचारत बसतात. तेवढ्यात वेळ जातो. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा चावा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. त्यामुळे कुणाला वाटतच नाही की साप चावला. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात, श्वास कोंडतो.

साप चावला तर कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला चालवायचे नाही. हात किंवा पाय हलू द्यायचा नाही आणि लगेच १०८ नंबरला फोन करून सरकारी दवाखान्यात न्यायचे. तिथे लस असते. ती कशी करतात माहीत आहे का? घोड्याला सापाचे विष अगदी थोडे थोडे टोचतात. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. त्यापासून लस बनते. मुंबईच्या हाफकिन संस्थेने ती पुष्कळ वर्षे केली. घोडा मरत नाही बरं का!